रापणीच्या पाण्यात

नाशिक सोडताना माझ्याजवळ दोन बॅगा, एक किलो चिवडा आणि पर्यटकांविषयीचा तिरस्कार एवढं सामान होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तेहतीस वर्षं काढल्यावर मी निवृत्त झालो, आणि दिवाळी उरकताच महिनाभर समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावात जाऊन राहायचं असं ठरवलं. ‘राहायचं’ या शब्दावर माझा फार भर होता. फिरायला कोणीही जातं. किनाऱ्यावर उलट्या टोप्या घालून उड्या मारणारे, खोबऱ्याच्या वड्यांची खोकी घेऊन परतणारे लोक मी आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत चटकदार बोललोही होतो. मी तसा जाणार नव्हतो.

बायको शाळेत शिकवते, तिच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. ती ठक्कर बाजारच्या स्टँडवर सोडायला आली होती. “महिनाभर तिथे करणार काय?” तिने विचारलं. काहीच करणार नाही, तोच तर मुद्दा आहे, असं मी म्हणालो. “ते इथेही जमतंच की तुला,” ती म्हणाली आणि गाडी सुटायच्या आत रिक्षात बसून गेली.

कोल्हापूरपर्यंत एक एसटी, घाट उतरून कणकवलीपर्यंत दुसरी आणि तिथून सहा आसनी रिक्षा, जिच्यात आम्ही अकरा जण होतो. समुद्र आधी मला दिसावा म्हणून मी मान लांब करून बसलो होतो. समुद्राच्या आधी ग्रामपंचायतीची स्वागत कमान आली. तिच्यावर निळ्या लाटा रंगवल्या होत्या आणि लाटांवर पाच पुढाऱ्यांची मुंडकी तरंगत होती. कमानीतून पलीकडे पाहिल्यावर खरा समुद्र दिसला. त्याच्यावर कोणीच तरंगत नव्हतं. बरं वाटलं.

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

उतरलो ते शेवंतीकाकींच्या घरी. पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला, मुलगी गोव्यात दिलेली. घराच्या मागच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत आणि त्यावरच त्यांचं घर चालत असे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला तीन नियम सांगितले. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. विहिरीवर चपला घालून जायचं नाही. आणि तिसरा: “टेंबार फडको वर गेलो काय दर्यात पाय घालूचो नाय.” टेंब म्हणजे गावाच्या मधोमध, वाळूला लागून असलेलं टेकाड. मी मान डोलावली. पहिले दोन नियम मी वहीत लिहून घेतले. तिसरा लोकसाहित्यात जमा केला.

लहान गावात राहणं म्हणजे काय, हे चौथ्या दिवशी थोडं कळलं. पेजेचा (उकड्या तांदळाच्या पातळ भाताचा) आणि माझ्या पोटाचा सूर जुळेना, म्हणून बाजारातल्या औषधांच्या दुकानातून गुपचूप इसबगोलाची डबी घेतली. दुकानापासून घर सात मिनिटांवर. वाटेत पोस्टमनने केळी खायला सांगितलं. गिरणीवाल्याने निजताना ऊन पाणी घ्यायला सांगितलं. घरी पोचलो तर काकींनी काही न बोलता पपई कापून ठेवली होती. नाशिकला माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला अजून ठाऊक नाही. त्याचं पोट कसं आहे, हे तर दूरच.

मासे खायलाही मी तिथेच शिकलो. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिरफळं घातलेलं दाट तिखट कालवण, पहिल्यांदा खाताना काटा घशात अडकला. काकींनी भाताचा कोरडा गोळा गिळायला लावला आणि काटा गेल्यावर म्हणाल्या, “मासो घाई चालवून घेणा नाय.” मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला याहून सौम्य शब्दांत कोणी सुनावलं नसेल.

काकींच्या ओटीवर रोज दुपारी एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसलेले असत. ते त्यांचे मोठे दीर, काकी त्यांना भावजी म्हणत. गाव त्यांना आबा तांडेल म्हणे (तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख). आबा पाण्याकडे बघून बोलत आणि गाव ते ऐके. लग्नाचा मांडव कधी घालायचा, सुकट कधी वाळत टाकायची, पलीकडच्या बेटावर नवस फेडायला कधी जायचं, लोक यायचे आणि ओटीच्या पायरीशी उभे राहून विचारायचे. गावात सरपंच होता, तंटामुक्तीचा अध्यक्ष होता, पर्यटन समितीचा निमंत्रकही होता. त्या सगळ्यांचे फलक होते. आबांचा नव्हता.

आबांकडूनच मला रापण कळली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. त्याचं एक टोक काठावर ठेवून होडी निघते, माशांच्या थव्याला मोठा अर्धगोल वळसा घालते आणि दुसरं टोक पुन्हा काठाला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात. दुसरं टोक काठाला लागेपर्यंत मात्र एक दार उघडं असतं. थवा बिथरला तर त्या दारातून निघून जातो. म्हणून टेंबावर आबा पांढरं फडकं उंच करत, आणि ते खाली येईपर्यंत कोणी पाण्यात शिरत नसे. बायका काठावरचं धुणंसुद्धा थांबवत. मासे निघाले की वाटे पडत. गावचा असो, परगावचा असो, ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा.

हे जाळं चाळीस घरांचं होतं. पण बाहेर खोल पाण्यात मोठ्या यंत्राच्या होड्या आल्या होत्या आणि काठापर्यंत मासा पोचेनासा झाला होता. दोन हंगाम रापण जवळजवळ रिकामीच आली. तरुण मंडळींचं म्हणणं होतं की जाळं मोडावं, तुकडे वाटून घ्यावेत आणि ज्याने त्याने बंदरावर काम बघावं. आबांनी बैठकीत एकच मागणं मागितलं होतं: मला एकदा थवा दिसू दे, एकदा रापण लावू, तेव्हाही काही गावलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं. गावाने ते मान्य केलं होतं. तेव्हापासून आबा उजाडायच्या आत टेंबावर जाऊन बसत.

मीही चार-पाच सकाळी त्यांच्याबरोबर बसलो. ते बोट करून दाखवत. “तो काळो पट्टो दिसता मां? ढगाची सावली वाऱ्याबरोबर जाता. मासो वाऱ्याच्या इरुद्ध जाता.” मला सगळं पाणी सारखंच दिसे. तरी मी जाणकारासारखी मान हलवत असे. व्याख्यानांना जाऊन लागलेली ही सवय.

आता माझ्या पोहण्याबद्दल सांगावं लागेल. आम्ही नाशिककर गंगेवर पोहायला शिकतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आमच्या पोहण्यात पोहणं कमी आणि उडी जास्त. गुडघे छातीशी आवळून असा मुटका मारायचा की पाणी वरच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या धोतरापर्यंत उडालं पाहिजे. हे जमलं की मुलगा वयात आला. साठीतही माझा मुटका गावात नाव काढण्यासारखा आहे, असा माझा समज होता. फक्त तो बघायला या गावात कोणी नव्हतं, कारण मी किनाऱ्याच्या दक्षिण अंगाला, खडपावर (समुद्रात घुसलेल्या कातळावर) एकटाच पोहायला जात असे. वाळूवर पर्यटक असत ना.

सतराव्या दिवशी नऊच्या सुमारास मी खडपावर शर्ट काढत होतो तेव्हा टेंबावर फडकं दिसलं.

मला ते दिसलं नव्हतं असं लिहायचा मोह मी दोनदा आवरला आहे. दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं. होडी मात्र पार उत्तरेला, लहानशी दिसत होती. मी हिशेब केला की रापण तिकडे चालली आहे, आपण इकडे, आपला काय संबंध. आणि तो नियम, मनात म्हटलं, वाळूवर धिंगाणा घालणाऱ्यांसाठी आहे. मी काही पर्यटक नाही.

होडी उत्तरेला होती ती वळसा संपवत आली होती म्हणून. तिने जाळं माझ्या पाठीमागून, खडपाच्या पलीकडून सोडायला सुरुवात केली होती. मी उभा होतो तो कातळ जाळ्याच्या आत होता. उघडं दार उत्तरेला होतं.

मी मुटका मारला. उत्तम बसला.

पाण्याखाली डोळे उघडले तर समोर चांदीची भिंत होती. ती एका क्षणात वळली. एकेक मासा वेगळा दिसत नव्हता, एकच अंग असल्यासारखं ते सगळं उत्तरेकडे निघून गेलं आणि पाणी पुन्हा हिरवं झालं. वर आलो तेव्हा मी आनंदात होतो. हे आपल्यालाच दाखवलं गेलं असं वाटलं. मग वाळूवरून ओरडा ऐकू आला. उत्तरेच्या टोकाला माणसं कमरेइतक्या पाण्यात धावत शिरली होती आणि हातांनी, वल्ह्यांनी पाणी बडवत होती. थव्याला परत आत वळवण्यासाठी तसं करतात, हे आबांनीच मला सांगितलं होतं.

तेव्हा कळलं.

मी काय केलं ते क्रमाने लिहितो. खडपाच्या आडून बाहेर आलो. अंग पुसलं, कोरडे कपडे घातले. सरळ वाळूने न जाता केतकीच्या बनातून मागच्या रस्त्याला लागलो, आणि घराकडून येत असल्यासारखा किनाऱ्यावर आलो. तिथे सगळे दोर ओढत होते. मीही दोर धरला. माझ्या पुढच्या बाईने मागे वळून जागा करून दिली.

पाऊण तास आम्ही ओढत होतो. जाळं जवळ आलं तसं बोलणं कमी होत गेलं. शेवटी वाळूवर आले ते गिळगिळीत जेलीफिश, काही खेकडे, प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय आणि टोपलीचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढे बांगडे.

आबा टेंबावरून खाली आले होते. होडीवरच्या महेशने, जाळं मोडावं म्हणणाऱ्या तरुणांमधल्या पुढाकार घेणाऱ्याने, ओल्या हातांनी तोंड पुसलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. “आबानू,” तो म्हणाला, “तुमची नजर गेली आता. ढगाची सावली बघून फडको वर केलास.”

सगळे आबांकडे बघत होते. आबा माझ्याकडे बघत होते. बाकीचे सगळे कमरेपासून खाली भिजलेले होते. माझे कपडे कोरडे होते आणि केसांतून मानेवर पाणी गळत होतं.

“होय,” आबा म्हणाले. “सावलीच असतली.”

मग वाटे पडले. एवढ्याशा माशांचेही पडले, कारण तशी रीत आहे. माझ्यापुढे केळीच्या पानावर तीन बांगडे आले. मी नको म्हणालो, तर ज्या बाईने जागा दिली होती तिने ते माझ्या हातात ठेवले. दोराला हात लावला होता ना, मग घ्यायलाच हवेत, असं तिचं म्हणणं.

काकींनी त्यांचं तिखलं केलं. मी जेवलो. या लेखातलं लिहायला सर्वांत जड वाक्य हेच आहे. चवीला उत्तम होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी देवळात बैठक ठरली. दरम्यान गाव नेहमीसारखं चाललं होतं, फक्त एक फरक होता. ओटीच्या पायरीशी कोणी येईना. शेजारच्या घरी सुकट वाळत घालायची होती. त्या घरातली सून अंगणात उभी राहून मोबाईलवर हवामान बघत होती. आबा दहा हातांवर जाळं विणत बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मोबाईल पदराआड घेतला. मी खिडकीतून हे बघत होतो. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. पान मात्र सकाळपासून तेच होतं.

बैठकीच्या दिवशी दुपारी काकी चुलीपाशी नारळ खवत होत्या. मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि त्या दिवशी पाण्यात मी होतो, असं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

“माका म्हायत असा,” त्या म्हणाल्या. “भावजींनी टेंबावरसून बघल्यानी. त्याच दिसा सांगल्यानी माका.”

मग ते बोलले का नाहीत, मी विचारलं. काकींनी वाटी खाली ठेवली.

“तुमी आज ना उद्या जातलास. आमका हयच रवाचा असा. गावाक कळला तर माझ्या घराक परत पाव्हणो ठेवूक देतले काय? भावजी म्हणाले, माझी नजर आज नाय तर उद्या जातलीच, तुझी चूल कित्या इझवूची?”

मी म्हणालो, मी बैठकीत जाऊन सांगतो. माझी चूक आहे, त्यात काकींचा दोष नाही, असं स्पष्ट सांगतो.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमका बरा वाटात. मगे?”

त्यांनी मला अडवलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढे मी स्वतःला असं समजावलं की त्या बाईच्या पोटासाठी मी गप्प बसलो. ते कारण खरं होतं आणि नेमकं वेळेवर हाती आलं होतं. पण माझ्या मनात आलेली पहिली भावना सुटकेची होती. ते कारण नसतं तर मी देवळात गेलोच असतो, अशी ग्वाही मी देऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी मी खोलीतच राहिलो. देवळातून काकी परतल्या तेव्हा त्यांनी दारातूनच सांगितलं की जाळं मोडायचं ठरलं. आबांनी स्वतःच उठून सांगितलं, चूक माझी, दिलेला शब्द मी पाळतो. पाच मिनिटांत बैठक संपली. एखाद्या सेल्फी-पॉइंटचं उद्घाटन असतं तर तीन तास चाललं असतं.

महिना पुरा व्हायला अकरा दिवस बाकी होते. दुसऱ्या सकाळी मी निघालो. नाशिकला अचानक काम निघालं, असं पोस्टमनला, गिरणीवाल्याला, रिक्षावाल्याला सांगितलं. सगळ्यांनी बरं म्हटलं. त्या बरं म्हणण्यात त्यांना किती ठाऊक होतं, हे मला सांगता येणार नाही. सात मिनिटांत इसबगोलाची बातमी पोचवणारं ते गाव आहे. काकींनी सोलं (वाळवलेली कोकमं) बांधून दिली आणि तिथल्या रीतीप्रमाणे “येवा” म्हणाल्या. त्या रीतीत ‘जा’ असं कोणाला म्हणत नाहीत.

नाशिकला पोचल्यावर मित्रांनी विचारलं, कसं काय कोकण? मी सूर्यास्ताबद्दल बोललो. कमानीवरच्या मुंडक्यांचा किस्सा सांगितला, तो चांगला रंगला. एका मित्राने तर म्हटलं, तू पर्यटकासारखा नाही, खरा तिथला होऊन राहिलास. बायको तेव्हा समोर बसली होती. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती उठून आत गेली.

‘तिथला होऊन राहणं’ या गोष्टीवर मी नंतर बराच विचार केला. लहान गावात राहणं म्हणजे शांतता, मोकळी हवा, ओळखीचे चेहरे, असं मला वाटत होतं. चेहरे ओळखीचे असतात ते उद्याही तेच असणार असतात म्हणून. तिथे काही बोलायचं झालं तर ते उद्या कोणाच्या अंगणात जाऊन पडेल, हे आधी बघावं लागतं. आबांनी ते एका नजरेत बघितलं आणि नजर गेल्याचा आळ स्वतःवर घेतला. मला बघायला दोन दिवस लागले, आणि तेवढ्यात गाडीचं वेळापत्रकही बघून झालं.

महिन्याभराने मी आबांना पत्र लिहिलं. चार पानी. काही गाळलं नाही. हवं तर गावात वाचून दाखवा, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून एका दुपारी काकींना फोन केला. पत्र पोचलं होतं. आबांनी काकींकडून ते दोनदा वाचून घेतलं, घडी करून ठेवून दिलं आणि कोणाला दाखवायचं नाही म्हणाले.

“आणखी काही म्हणाले?”

“अक्षर चांगला असा म्हणाले.”

आता मी हे नाशिकमध्ये बसून, नाशिककरांसाठी लिहितो आहे. इथे रापण कोणी पाहिलेली नाही आणि त्या गावात हे कोणी वाचणार नाही. म्हणजे पुन्हा मी खडपाच्या आडूनच बोलतो आहे, हे मला कळतं. गावाचं नाव लिहिलं तर काकींच्या खोल्या जातील, हे कारण याही वेळी खरं आहे आणि याही वेळी माझ्या सोयीचं आहे.

त्या फोनवर काकींनी जाळ्याचंही सांगितलं. तुकडे वाटले गेले. कोणाच्या परसात वालाच्या वेलांना आधार झाला, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. महेश बंदरावर जातो. मग त्या म्हणाल्या, भावजी हयच असत, बोला. आणि मी हो-नाही म्हणायच्या आत फोन त्यांच्या हातात गेला.

मी वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. आबांनी नाशकातल्या थंडीची चौकशी केली, द्राक्षं कशी आहेत विचारलं. बोलणं संपत आलं तेव्हा काहीतरी म्हणायचं म्हणून मी विचारलं, आज पाणी कसं आहे?



“माका कित्या इचारतास?” आबा म्हणाले. “माझी नजर गेली म्हणतत सगळे.”

आणि ते हसले. अगदी मोकळं हसले, टोमणा नव्हता त्यात. मीही त्यांच्याबरोबर हसलो.